फेरीगणिक एक नाव

"कितव्या फेरीत घेतीस माझं नाव? सांग की! आता का वाचा बसली?"

मोनिकानं खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. निमोण्याहून न्हावऱ्यापर्यंत जीप, तिथून एसटी, चौफुल्याला उतरून केडगावपर्यंत रिक्षा, एवढ्या वाटेत तिनं हा एकच प्रश्न तोंडात घोळवत आणला होता आणि दारात चप्पल काढता काढता भावजयीच्या अंगावर फेकला होता. एरवी ती 'वयनी, तुम्ही' म्हणायची. आज 'तुम्ही' वाटेतच कुठंतरी गळून पडलं होतं.

सुवर्णा शिलाई मशीनवर बसली होती. तिनं बाहीची टीप पुरी केली, सुई वर घेतली, दातानं दोरा तोडला आणि मग मान वर केली.

"तिसऱ्या," ती म्हणाली.

"आं?"

"तिसऱ्या फेरीत घेते. तुझ्या आधी आत्या असतात."

भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंचा, अनसाबाईंचा, हात थांबला. आपण या भांडणात फक्त साक्षीदार आहोत अशी त्यांची समजूत होती. "माझं बी नाव?" त्या म्हणाल्या. "म्हंजी मी बी वैरीन व्हय तुजी?"

"बघ आई, बघ! भामाबाई खोटं न्हाई बोलली." मोनिकानं पिशवी दाणकन आपटली. "चर्चच्या आवारात झाडलोट करती ती. हिच्या मागनं झाडू घिऊन फिरती, सगळं ऐकती. म्हणली, तुझी भावजय चर्चला फेऱ्या मारती आन् एकेका फेरीला एकेक वैरी धरती. माझ्या सासरच्या लग्नात सगळ्या बायांसमोर म्हणली! मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई."

"मग भामाबाईनं हेबी सांगितलं असंल, मी मागते काय ते."

"काय मागणार? आमचं वाटोळंच मागणार!"

"तुझे कान शाबूत राहू दे म्हणते. आत्यांचे डोळे शाबूत राहू दे. एक वाईट शब्द न्हाई. विचार तिला."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच मोनिकाची पंचाईत झाली. आपल्या कानांसाठी कुणी रोज पहाटे उठून प्रार्थना करतं म्हटल्यावर चिडायचं कसं?

तेवढ्यात आतल्या खोलीतून शिट्टी वाजली. एकदा. म्हणजे चहा.

सुवर्णाचा नवरा सम्राट तिथं कॉटवर पडून होता. तो आयुष्यभर शाळेत पीटीचा मास्तर. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. पोरं लांबून ती शिट्टी ऐकून रांगेत उभी राहायची. मास्तर घरी आले तरी शिट्टी गळ्यातच असायची. पाहुणे आले की एकदा वाजवायचा, म्हणजे सुवर्णानं चहा टाकायचा. पाहुण्यांना मोठी गंमत वाटायची. सुवर्णा जिन्यावरून कपडे घेऊन उतरायला लागली, गुडघे धरून पायरीपायरीवर थांबायला लागली, की तो खालून लेफ्ट-राइटच्या तालावर शिट्टी वाजवायचा. त्याचीही सगळ्यांना गंमत वाटायची.

पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, झाला आणि त्याच आठवड्यात सम्राटला झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. दौंडच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर अनसाबाईंनी पहिलं काय केलं असेल तर खुंटीवरची शिट्टी काढून लेकाच्या उजव्या हातात दिली. बोलता येत नाही तर बिचाऱ्यानं हाक कशी मारायची? एकदा चहा, दोनदा लघवीचं भांडं, तीनदा कूस बदलायला. घर पुन्हा शिट्टीवर चालायला लागलं.

"जा, चहा टाक," अनसाबाई म्हणाल्या.

"टाकते," सुवर्णा म्हणाली आणि उठली.

ती उठली ते मोनिकानं नीट पाहिलं. मशीनच्या पट्टीला हात न लावता, हुंकार न देता, सरळ उठली. मोनिकाला आठवत होती ती सुवर्णा अशी उठत नव्हती.

कासुर्डीत वाढलेली सुवर्णा लग्न होऊन आली तेव्हा चांगली काटक होती. सम्राटची शाळा खाजगी, पगार कधी यायचा, कधी नाही. मग तिनं मशीन घेतलं. आजूबाजूच्या फुलशेतीवाल्या बायका, मिशनमधल्या मुली, चर्चच्या गायनमंडळाचे झगे, सगळं तिच्याकडं. बसून बसून पाय गेले, वजन वाढलं, मग साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. ती चार दिवस चालायची आणि पाचव्या दिवशी मशीनवर कुणाचं तरी लग्नाचं ब्लाउज वाट बघत असायचं. शिवाय घरात शिट्टीवाला होताच. "निघाली का परेड?" तो विचारायचा. ती चप्पल काढून ठेवायची.

मग तो हंगामाचा सण आला.

त्यांच्या चर्चमध्ये या सणाला ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला आणतात. बाजरीची कणसं, कांदे, शेवंतीची टोपली, अंडी, कोंबडा. उपासना झाली की आवारात मांडव घालून त्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारायचा मान दर वर्षी सम्राटचा. मोठा आवाज, शिट्टी, आणि लोकांना हसवायची हातोटी. त्या वर्षी सुवर्णानं परसातला भोपळा आणला होता. तिनं स्वतः वेल चढवला, फुलांना काडीनं परागकण लावले, फळाखाली गवताची चुंबळ ठेवली. असा भोपळा त्या परसात आधी कधी झाला नव्हता. तिनं तो घासूनपुसून वेदीसमोर ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"सुवर्णाबाई, पुढं या," सम्राट माइकवरून म्हणाला. "धरा तुमचा भोपळा. पोटाशी धरा. हां. आता बंधुभगिनींनो, नीट बघून बोली लावा. यातला एकच विकायचाय. दुसरा माझ्या घरचा हाय, तो मी आणलाय तवापासून कुणी मागारी घेईना."

मांडव हसला. मागच्या खुर्च्यांवरचे उठून बघायला लागले. मोनिका हसत हसत पोट धरून खाली बसली, आणि बसल्यावर पुन्हा वर बघून हसली. अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. बोली वाढत गेली, तोवर सुवर्णा भोपळा घेऊन उभी. शेवटी सम्राटनं शिट्टी वाजवून लिलाव तोडला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "चिडलीस व्हय? अगं, मंडळीला मजा आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चच्या पाळकसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"सलाम, साहेब. एक विचारायचंय. मला काही माणसांचं वाईट व्हावं असं वाटतंय. फार वाटतंय."

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. सणाच्या दिवशी तेही थोडेसे हसले होते, आणि ते त्यांना आठवत असावं. "वैऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय आपल्याला," ते म्हणाले. "नाव घेऊन करा. आणि चांगलंच मागा. मनात नसलं तरी मागा."

"कशी करू?"

"गुडघे टेकून करा."

"गुडघे टेकत न्हाईत, साहेब. टेकले तर उठत न्हाईत."

पाळकसाहेबांनी जरा विचार केला. "मग चालत करा," ते म्हणाले.

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. सुवर्णानं ते पदरात गाठ मारावी तसं धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत चर्चच्या आवारात जायला लागली. चर्चच्या इमारतीला एक वळसा म्हणजे एक फेरी. पहिली फेरी स्वतःच्या पायांसाठी, कारण पायांशिवाय पुढचं काही होणार नव्हतं. दुसरी अनसाबाईंची. तिसरी मोनिकाची. आणि शेवटी, श्वास लागलेला, पोटऱ्या दगड झालेल्या, तेव्हा सम्राटची.

चांगलंच मागायचं असं साहेबांनी सांगितलं होतं. तिनं रात्रभर विचार करून चांगलं काय ते ठरवलं. प्रभू, माझ्या सासूचे डोळे शाबूत ठेव, तिला मी चालताना दिसू दे. मोनिकाचे कान शाबूत ठेव, तिला माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते ऐकू येऊ दे. आणि माझ्या नवऱ्याला उदंड आयुष्य दे. त्याला लवकर नेऊ नको. त्याला सगळं बघायला ठेव.

डॉक्टरांच्या शब्दानं जे झालं नाही ते यानं झालं. फेरी अर्ध्यात सोडायची सोयच नव्हती. वडाच्या झाडापाशी दम लागला की तिला वाटायचं, इथं थांबलं तर मोनिकाची प्रार्थना अर्धी राहणार, आणि अर्धीमुर्धी प्रार्थना प्रभूच्या पुढ्यात कशी ठेवायची? मग ती पाय ओढायची. कणकण आली, तरी गेली. धुकं पडलं, तरी गेली. चहातली साखर सोडली तीही तशीच, ओठाला कप लावताना नाव घेऊन. नाताळाच्या करंज्या तिनं घरभर केल्या आणि तोंडात घातली नाही एक. पाहुणे आग्रह करायला लागले की ती म्हणायची, "माझा नेम हाय." कसला नेम ते कुणी विचारलं नाही.

एकदा घोटाळा झाला. ती पार अंथरुणाला खिळली तेव्हा मोनिका चक्क मोसंबी घेऊन आली, उशाशी बसली, सोलून फोडी हातात दिल्या. बरी झाल्यावर सुवर्णा चर्चला गेली तर तिसऱ्या फेरीला पाय उचलेना. राग सापडेना. ती वडाखाली उभी राहिली, डोळे मिटले आणि मोनिका खाली बसून वर बघून हसली होती ते तोंड शोधून काढलं. सापडलं. पाय चालायला लागले. तिनं त्याबद्दलही प्रभूचे आभार मानले.

हळूहळू साखर उतरली. ब्लाउजच्या बाजूची टीप तिनं आत घेतली, मग आणखी आत घेतली, मग कापूनच टाकली. गुडघे टेकायला लागले, टेकून उठायलाही लागले, पण चालणं तिनं सोडलं नाही. घरात याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. मोनिकाचं नाताळाचं ब्लाउज मात्र तिनं त्या वर्षी अगदी मापात शिवलं. कडेला आत जे जास्तीचं कापड ठेवायचं असतं, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करायला, ते तिनं सूतभरही ठेवलं नाही. आता ते मोनिकाला दंडात रुततं. आजही तेच घालून ती आली होती.

सुवर्णानं चहा आत नेला. सम्राटला उशीला टेकवून बसवलं, बशी धरली. तो तिच्याकडं बघत नव्हता. मागोमाग मोनिका आणि अनसाबाई आत आल्या. खोलीच्या कोपऱ्यात वॉकर उभा होता. दौंडच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितला म्हणून सुवर्णानं आणला होता. "याला उभा करा, चालवा, नाहीतर पाय असाच राहील," असं त्या बाई दर खेपेला बजावायच्या. पुण्याला नर्सिंग शिकणारी समृद्धी, सुवर्णाची मुलगी, फोनवर तेच सांगायची. पण हा उठायला नाही म्हणायचा, अनसाबाई "लेकराचे हाल नका करू" म्हणून रडायच्या, आणि वॉकरवर त्यांचं लुगडं वाळत पडायचं. आत्ताही पडलं होतं.

"माझा भाऊ असा लोळागोळा होऊन पडलाय," मोनिका म्हणाली, "आन् तू पहाटं त्याला टाकून गोल गोल फिरतीस. त्याला काय लागलं, तर? आई म्हातारी. तिला उठवत न्हाई."

"आन् अगं, लोक काय म्हणत्यात ठावं हाय का?" अनसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "म्हणत्यात, बायकूनं फेऱ्या मारून मारून नवऱ्याला पाडला."

"लोक न्हाई, मी म्हणते!" मोनिकाचा आवाज चढला. "तुझ्याच फेऱ्यांनी दादा पडला. तोंडानं चांगलं मागायचं आन् मनात इख. प्रभूला काय मन दिसत न्हाई व्हय?"

सुवर्णाच्या हातातली बशी हलली नाही. हा विचार तिला नवा नव्हता. सम्राटला दवाखान्यात नेलं त्या दिवशी तिनं स्वतःला तो विचारला होता, आणि दुसऱ्या दिवशी फेरी मारताना उत्तरही शोधलं होतं. आपण आयुष्य मागितलं, आयुष्य मिळालं. पाय मागितलेच नव्हते. ते आपल्याकडून राहून गेलं.

"मन दिसतं की त्याला," ती म्हणाली. "माझं दिसतं, तुझंबी दिसतं."

"ते काय न्हाई. आई आन् मी ठरवलंय. उद्यापासनं फेऱ्या बंद. आयतवारी मंडळीसमोर उठून साक्ष द्यायची, की माझ्या मनात पाप होतं, मी ते सोडलं. न्हाईतर मी दादाला आन् आईला घिऊन जाते निमोण्याला. मग बस एकटी फिरत."

सम्राटनं डोकं हलवलं. होकार होता. तोंडातून चहा ओघळला, सुवर्णानं तो टिपला.

"निमोण्याला न्यायचं म्हंजी जीपमधी बसवायचं," सुवर्णा म्हणाली. "उभं राहावं लागतंय त्यांना."

"त्याला उभं राहता येतंय का? काय बोलतीस? उचलून नेऊ!"

"येतंय."

मोनिका हसली. तेच हसू. सुवर्णाला वाटलं, बरं झालं ही हसली.

"आत्या," ती सासूकडं वळली, "मी पहाटं जाते तवा ह्या खिडकीचा पडदा कुठं असतो?"

"लावल्याला. वारं लागतंय त्याला, मीच लावते झोपताना."

"आन् मी येते तवा?"

"सरकल्याला," अनसाबाई म्हणाल्या. खिडकी मागच्या बाजूला होती. तिथून बोळ दिसायचा, बोळापलीकडं चर्चचं आवार, फाटक, वड, आणि इमारतीचा मागचा सगळा वळसा. सम्राटच्या कॉटवरून त्यातलं काही दिसत नव्हतं. फक्त आभाळ.

"तुमच्या हातनं सरकत न्हाई, तुम्ही तवा झोपल्याल्या असता," सुवर्णा म्हणाली. "मी चर्चच्या फाटकातनं बाहेर पाऊल टाकलं की हितं शिट्टी वाजती. रोज. आधी न्हाई, मागनं न्हाई. पडल्या माणसाला फाटक कसं दिसतंय? मी पुष्कळ दिवस तोच विचार करत होते. मग भामाबाईच म्हणली. मोनिका, तुला तिनं माझं सांगितलं ना? मला तिनं तुझ्या दादाचं सांगितलं. म्हणली, बाई, तुझा नवरा गज धरून उभा असतो की खिडकीत. तू पहिली फेरी धरल्यापासनं शेवटची होईपर्यंत. शेवटच्या फेरीला तर तोंड पार गजाला लावतो."

"खो... खोतं," सम्राट म्हणाला.

"मग गज कुणी चकचकीत केला? हाताच्या उंचीवर?"

तिघींनी खिडकीकडं पाहिलं. बाकीच्या गजांवर गंज होता. मधल्या गजावर, छातीच्या उंचीला, मूठभर जागा घासून काळी चमकत होती.

सम्राटनं डोळे मिटून घेतले. मोठा तगडा माणूस, मैदानावर शेकडो पोरांना उन्हात उभं करणारा. त्याचा पाय फरफटतो, तोंड वाकडं होतं, हे कुणी बघू नये म्हणून तो महिनोनमहिने भांड्यात लघवी करत होता. पहाटे तो उभा का राहायचा, तिच्याकडं जळत बघायला की आणखी कशासाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. कदाचित शेवटच्या फेरीत आपलं नाव असतं हे भामाबाईनं त्यालाही सांगितलं असेल. सुवर्णाला त्याची चौकशी करायची नव्हती. तिनं हे कळल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. रोज शेवटच्या फेरीला ती वळून खिडकीकडं न बघता, ताठ मानेनं, थोडी आणखी भरभर चालायची. बघ. बघ कशी चालते. उदंड आयुष्य मिळू दे तुला.

"दादा, खरं हाय हे?" मोनिकाचा आवाज एकदम बारीक झाला.

त्याचा उजवा हात शिट्टी शोधायला लागला. ती पांघरुणात सरकली होती. सुवर्णानं वाकून ती काढली. काळी दोरी मळून कडक झाली होती. तिनं ती पदराला पुसली आणि आपल्या गळ्यात घातली.

"अगं ए," अनसाबाई म्हणाल्या, "त्यानं हाक कशी मारायची?"

"तोंडानं मारायची. मारली की जीभ सुटंल." तिनं बशी मोनिकाच्या हातात दिली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. उद्या कुठली भाजी ते सांगावं तसं सांगितलं. "उद्यापासनं शिट्टी माझ्याकडं. पहाटं हे माझ्यासंगं येणार, चर्चच्या आवारात, वॉकर घिऊन. लोक बघत्याल, बघू दे. आयतवारी साक्ष द्यायची त्यांनी, उभं राहून, मी न्हाई. आन् हंगामाच्या सणाला मांडवात चालत जायचं. परसात औंदा बी भोपळा हाय. तो ह्यांनी धरायचा, डाव्या हातानं, पोटाशी. लिलाव मी पुकारीन. मोनिका, राहायचं तर रहा, पहाटंचा चहा तुझ्याकडं. आत्या, वॉकरवरलं लुगडं काढा."